विद्युत वाहनाची मोटर : आचरा परिसरासाठी निवड

बॅटरीतील विजेचे चाकाच्या गतीत रूपांतर करणारे यंत्र म्हणजे विद्युत वाहनाची मोटर. गाडी घेताना ग्राहक बहुधा कमाल किलोवॅट, कमाल वेग आणि किंमत असे तीन आकडे पाहतो. सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या मालवण तालुक्यात खाडीच्या मुखाजवळ वसलेल्या आचऱ्यात आणि त्याच्या आसपास या तिन्ही आकड्यांवरून फारसे काही कळत नाही. भरलेली गाडी चढावर असताना मोटर किती टॉर्क (चाक फिरवणारा पीळ) किती वेळ देत राहते, त्या वेळची उष्णता आणि बाहेरची खारट ओल ती कशी सोसते, हा येथे पहिला प्रश्न आहे. मोटर कोणत्या जातीची, हा प्रश्न त्यानंतरचा. विक्रेत्याच्या दुकानात मात्र चर्चा उलट्या क्रमाने होते.

कारण भूगोलात आहे. आचऱ्याची बाजारपेठ, रामेश्वराचे देऊळ आणि पिरावाडीकडचा किनारा सपाटीवर आहे. पण गाव सोडून मालवणच्या किंवा पस्तीसेक किलोमीटरवरच्या कणकवलीच्या दिशेने निघाले की रस्ता जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे पठारावर, चढतो आणि पुन्हा कुठल्यातरी खाडीकडे, व्हाळाकडे उतरतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकांत अतिडोंगराळ भागातही अपवाद म्हणून मान्य होणारा चढ १२.५ मीटरला १ मीटर, म्हणजे ८ टक्के आहे. वाड्यांकडे उतरणाऱ्या जुन्या घाट्या या मानकांच्या आधीपासूनच्या. तेथे १० टक्क्यांचा चढ नवलाचा नाही. चालक, तीन प्रवासी आणि सामान धरून ७०० किलो वजनाची रिक्षा घेऊन हिशेब मांडता येतो. सपाटीवर ताशी ४० किमी वेगाने जाताना टायरचे घर्षण आणि वाऱ्याचा अडथळा मिळून तिला सुमारे १७० न्यूटन बल लागते. शक्ती होते १.९ किलोवॅट. हीच रिक्षा १० टक्के चढावर ताशी २० किमीने चढवायची तर बल ७९० न्यूटनांवर जाते आणि शक्ती ४.४ किलोवॅट लागते. वेग निम्मा झाला तरी शक्ती दुपटीहून जास्त आणि बल साडेचार पटींहून जास्त.

खरी अडचण या साडेचार पटींत आहे. मोटरचा टॉर्क स्थूलमानाने तारेतून वाहणाऱ्या विद्युतप्रवाहाच्या प्रमाणात वाढतो, पण तांब्याच्या वाइंडिंगमधील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. गिअरचे प्रमाण तेच असेल तर वरच्या उदाहरणात सपाटीच्या तुलनेत चढावर वाइंडिंग एकवीस पटींहून अधिक तापते. वाइंडिंगच्या इन्सुलेशनला तापमानाची मर्यादा असते : एफ वर्गाला १५५ अंश सेल्सियस, एच वर्गाला १८०. दर १० अंशांच्या वाढीमागे इन्सुलेशनचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा विद्युत अभियंत्यांचा जुना ठोकताळा आहे. चांगला कंट्रोलर ही वेळ येऊ देत नाही. मोटर तापली की तो प्रवाह कमी करतो. चालकाच्या भाषेत तेव्हा गाडी ‘दम सोडते’. म्हणजे जाहिरातीतले किलोवॅट नेमके लागतात त्याच वेळी हाती नसतात.

यावर आक्षेप असा की कोकणातले चढ लांबीला थोडे, आणि थोड्या वेळापुरता कमाल टॉर्क देणे हेच तर विद्युत मोटरचे बलस्थान. आक्षेपात तथ्य आहे. ५० मीटर उंची १० टक्के चढाने गाठायची तर रस्ता अर्धा किलोमीटर होतो आणि ताशी २० किमीने तो दीड मिनिटात संपतो. मोटरचे लोखंडी अंग इतक्या वेळात फारसे तापत नाही. पण वाइंडिंग अंगाच्या कितीतरी आधी तापते, आणि रिक्षाचा चढ एकदाच येत नाही. एसटी लागली की भाडे, परत येऊन पुन्हा भाडे, अशा फेऱ्यांमध्ये साठलेली उष्णता बाहेर पडायला उसंत मिळत नाही. त्याहून वाईट प्रसंग म्हणजे चढावरचा थांबा. प्रवासी उतरत असताना चालक ब्रेक न दाबता ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरतो. चाक फिरत नाही, तेव्हा प्रवाह एका फेजकडून दुसरीकडे सरकत नाही. सगळा भार वाइंडिंगच्या ठरावीक भागावर आणि कंट्रोलरमधील मोजक्या ट्रान्झिस्टरांवर पडतो. गाडी जागची हललेली नसते, तरी मोटरच्या दिवसभराच्या कामातला सर्वांत जड क्षण तोच असू शकतो. पेट्रोल रिक्षात अर्धा क्लच धरण्याची सवय विद्युत रिक्षात या रूपाने राहते.

म्हणून कमाल शक्तीपेक्षा सातत्याची शक्ती पाहावी. भारतात विद्युत मोटरची शक्ती एआयएस-०४१ या मानकानुसार मोजली जाते आणि त्यात कमाल शक्तीबरोबर ३० मिनिटे टिकणारी शक्तीही नोंदवतात. पुण्यातील एआरएआय ही संस्था अशा चाचण्या करते. कायदाही हाच दुसरा आकडा धरतो : ज्या गाडीची ३० मिनिटांची शक्ती २५० वॅटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ किमीपेक्षा कमी, ती काही अटींवर मोटार वाहन गणली जात नाही, तिला नोंदणी नको, परवाना नको. या सवलतीमुळे अशा स्कूटर गावोगाव खपतात. मात्र २५० वॅटची मर्यादा पाळून ७० किलोची स्कूटर ६० किलोच्या माणसाला १० टक्के चढावर ताशी जेमतेम ६ किमी वेगाने नेऊ शकते. मागे तेवढ्याच वजनाचे माणूस बसले तर वेग चारावर येतो. त्यापेक्षा मागच्याने उतरून चालत जावे. पिरावाडीतून बाजारात येण्यापुरती ही गाडी उत्तम आहे. सडा ओलांडून रोज कामाला जाणाऱ्याने ती घेणे म्हणजे परवान्याची बचत मोटरच्या दुरुस्तीत घालवणे होय.

टॉर्क दोन मार्गांनी मिळतो : मोठ्या प्रवाहाने किंवा गिअरने. चाकाच्या तुंब्यातच बसणाऱ्या हब मोटरला बहुधा गिअर नसतो, त्यामुळे चाकाला लागणारा सगळा टॉर्क तिने स्वतः द्यायचा असतो. दोन माणसांसह २५० किलो भरणारी स्कूटर १० टक्के चढावर चढवायला चाकाशी सुमारे ६२ न्यूटन-मीटर लागतात. मधे ८:१ प्रमाणाचे गिअर किंवा बेल्ट असेल तर मोटरवर जेमतेम ८ न्यूटन-मीटरचा भार येतो. मोटर लहान राहते आणि वेगाने फिरते. हब मोटर व्यासाने मोठी करून आणि चुंबकांचे ध्रुव वाढवून ही उणीव भरून काढतात, आणि चांगल्या हब मोटरी पुरेसा टॉर्क देतातही. फरक उष्णतेच्या वाटेत आहे. हब मोटरमध्ये वाइंडिंग आतल्या स्थिर दांड्याभोवती असते आणि बाहेरचे कवच फिरते. आतली उष्णता हवेची फट ओलांडूनच कवचापर्यंत पोहोचते. गाडीच्या अंगात बसवलेल्या मोटरमध्ये वाइंडिंग बाहेरच्या पंखेदार कवचाला चिकटून असते, म्हणून उष्णता थेट निघून जाते. शिवाय हब मोटरचे वजन शॉकॲब्सॉर्बरच्या खालच्या बाजूला राहते; पावसाळ्यानंतरच्या खड्ड्यांचे हादरे बेअरिंगला आणि चुंबकांना सरळ बसतात.

हब मोटरची बाजू घेणारे म्हणतात की तिच्यात बेल्ट नाही, साखळी नाही, वंगण नाही. बिघडायला जागाच थोडी. सपाट शहरासाठी हा मुद्दा निर्णायक ठरावा. आचऱ्यात त्याला खाऱ्या पाण्याने छेद जातो. हब मोटरची तार आसाच्या पोकळीतून आत जाते आणि पाणी बहुतेकदा तेथूनच शिरते. सडा चढून तापलेली मोटर लगेच रस्त्यावरून वाहणाऱ्या पावसाच्या पाण्यात शिरली की आतली हवा थंड होऊन आकसते, आणि सील थोडे जरी सैल असेल तरी बाहेरची ओल आत ओढली जाते. मासे विकणाऱ्यांच्या स्कूटरवर तर मागच्या क्रेटमधून बर्फाचे खारट पाणी थेंबथेंब मागच्या चाकावर, म्हणजे नेमके मोटरवर, गळत असते. सीलचा ओठ, बेअरिंग आणि रोटरची स्थिती टिपणारे आतले हॉल सेन्सर या क्रमाने ते पाणी खराब करत जाते. गाडी चालता चालता झटके देऊ लागते तेव्हा दोष बॅटरीचा वाटतो, आणि मोटर उघडल्यावर आत गंज निघतो.

‘आयपी-६७’ असा शिक्का असला की ही भीती उरत नाही, हा समज अर्धवट आहे. या चाचणीत यंत्र १ मीटर खोल पाण्यात ३० मिनिटे ठेवतात. पाणी गोडे असते आणि नमुना नवा असतो. मिठाने येणारा गंज पाहायची चाचणी वेगळी, जिच्यात ५ टक्के मिठाच्या द्रावणाचा फवारा ३५ अंश तापमानात मारतात. विक्रेत्याकडे दुसऱ्या चाचणीची चौकशी क्वचितच होते. ती व्हावी, आणि मोटरवर हवा जाऊ देणारा पण पाणी अडवणारा श्वासपडदा आहे का, तारेचे जोड कोठे आहेत, मागचे चाक काढून सील बदलायला मोटर कंपनीकडे पाठवावी लागते की कणकवलीत काम होते, हेही विचारावे.

मोटरच्या जातीचा प्रश्न आता घेता येतो. आज मुख्य निवड कायम चुंबकाची मोटर आणि इंडक्शन मोटर यांच्यात आहे. ‘बीएलडीसी’ आणि ‘पीएमएसएम’ ही दोन्ही नावे पहिल्या जातीतली. पसंतीचा इतिहास सरळ नाही. बेंगळुरूच्या रेवा गाडीत २००१ साली डीसी मोटर होती, तिच्या जागी २०१३ मध्ये आलेल्या ई-टू-ओमध्ये इंडक्शन. टाटांच्या सुरुवातीच्या टिगोर ईव्हीत इंडक्शन, तर २०२० च्या नेक्सॉन ईव्हीत चुंबकाची मोटर. टेस्लानेही २०१२ च्या मॉडेल एसमध्ये इंडक्शन आणि २०१७ च्या मॉडेल ३ मध्ये चुंबक घेतले. बाजार चुंबकाकडे वळला त्याचे कारण ठोस आहे : रोटरमध्ये प्रवाह वाहवावा लागत नाही, त्यामुळे कमी वेगाच्या जड कामात, म्हणजे चढावर, नासाडी कमी होते आणि त्याच बॅटरीत गाडी जास्त जाते.

इंडक्शनच्या समर्थकांचे दोन मुद्दे मात्र किनाऱ्यावर वजनदार आहेत. निओडिमियम-लोह-बोरॉन चुंबकातले लोह, वरचा लेप खरवडला की गंजते. आणि साध्या प्रतीचा चुंबक ८० अंशांच्या पुढे कायमचा कमजोर होऊ लागतो. गाडीसाठी १५० ते १८० अंश सोसणाऱ्या प्रती मिळतात, पण त्यांना बहुधा डिस्प्रोसियमसारखी दुर्मिळ मूलद्रव्ये लागतात. त्यांच्या निर्यातीवर चीनने एप्रिल २०२५ मध्ये निर्बंध आणले तेव्हा त्याची झळ भारतीय दुचाकी उद्योगालाही पोहोचली. इंडक्शनच्या रोटरमध्ये चुंबकच नसतो. तांबे किंवा ॲल्युमिनियमच्या सळ्या आणि पोलादी पत्रे एवढाच ऐवज. दुसरा मुद्दा दुरुस्तीचा. माड-पोफळीच्या बागांना पाणी देणारे पंप इंडक्शन मोटरवर चालतात आणि त्या रिवाइंड करणारे कारागीर तालुक्याच्या गावी असतात. पण हा मुद्दा दिसतो तितका दूर जात नाही. पंपाची मोटर एकाच वेगाने फिरते आणि थेट लाइनवर चालते. गाडीची मोटर कोणत्याही जातीची असली तरी इन्व्हर्टरशिवाय हलत नाही, आणि बिघाड तेथे झाला की रिवाइंडिंगवाल्याचा हात चालत नाही. म्हणून दिवसभर भाडे मारणाऱ्या तीनचाकीला गिअर असलेली इंडक्शन मोटर थोडी जड आणि थोडी खादाड असूनही चालेल. स्कूटरमध्ये, जेथे किलोकिलोचा हिशेब असतो, तेथे उच्च तापमानाच्या चुंबकाची, गिअर वा बेल्ट असलेली मोटर सरस ठरते. दोन्हींत गिअर समान आहे, हे लक्षात घ्यावे.

चढाला प्राधान्य देणे ही केवळ सिंधुदुर्गाची गरज नाही. माथेरानमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीने डिसेंबर २०२२ मध्ये ई-रिक्षांची चाचणी सुरू झाली. दस्तुरी नाक्याकडून गावात जाणाऱ्या त्या वाटेवर वेगाला काही किंमत नव्हती. भरलेली रिक्षा चढ चढते का आणि उतारावर आवरते का, एवढेच पाहायचे होते.

उतारावर मोटर जनित्र होऊन बॅटरीत वीज परत घालते, याचे कौतुक प्रमाणात ठेवावे. ७०० किलोची रिक्षा ५० मीटर उतरली तर तिच्यात साठलेली सगळी ऊर्जा एका युनिटाच्या दहाव्या भागाइतकी असते, आणि त्यातलाही एक हिस्साच परत मिळतो. या सोयीचा खरा लाभ ब्रेक लायनर वाचण्यात आहे, पण सड्यावर राहणाऱ्याला सकाळी तोही मिळत नाही : रात्रभर चार्ज होऊन बॅटरी तुडुंब भरलेली असते, परत येणारी वीज घ्यायला तिच्यात जागा नसते, आणि पहिल्याच उतारावर मोटर गाडी अडवत नाही. तेथे घर असलेल्याने चार्जिंग ९० टक्क्यांवर थांबवणे शहाणपणाचे. दर तीन-चार वर्षांनी आचऱ्याची गावपळण होते, तीन दिवस गुरेढोरे आणि संसार वेशीबाहेर हलतो, तेव्हा मात्र बॅटरी आधी पूर्ण भरून घ्यावी लागेल, आणि भांडीकुंडी, ताडपत्र्या, तांदळाच्या गोणी लादलेली रिक्षा ७०० किलोंत बसणार नाही. ९०० किलो धरले तर १० टक्के चढावर लागणारे बल हजार न्यूटनांच्या वर जाते आणि वाइंडिंगची उष्णता ७०० किलोंच्या मानाने दीडपटीहून अधिक होते. मोटरच्या ३० मिनिटांच्या आकड्यात एवढी सवड आहे की नाही, ते गाडी घेण्यापूर्वीच पाहून ठेवता येते.