वाहनविक्रेत्यांच्या स्मृतिवस्तू व त्यांचा संग्रह, पुणे

मोटारी व स्कूटर यांच्या अधिकृत विक्रेत्यांनी व्यवसायात वापरलेल्या अथवा ग्राहकांस दिलेल्या आणि मूळ उपयोग संपल्यावर संग्राह्य ठरलेल्या वस्तूंचा यात समावेश होतो. दुकानावरील एनॅमलच्या पाट्या, माहितीपत्रके, दरपत्रके, मागणीनोंदणीच्या पावत्या, दिनदर्शिका, किल्ल्यांचे छल्ले व वाहनावर बसविलेली विक्रेत्याच्या नावाची चकती हे त्यांचे प्रमुख प्रकार होत. वाहन कारखान्याचा इतिहास सांगते. ते कोणत्या गावी, कोणामार्फत व कोणत्या अटींवर विकले गेले, हे मात्र या किरकोळ वस्तूंवरूनच कळते.

जनरल मोटर्स कंपनीने १९२८ मध्ये मुंबईत मोटारींची जुळणी सुरू केली. जकात आयोगाच्या १९५३ मधील शिफारशींनंतर केवळ जुळणी करणाऱ्या परदेशी कंपन्यांनी येथील काम आवरले आणि हिंदुस्थान मोटर्स (१९४२), वालचंद हिराचंद यांनी स्थापिलेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स (१९४४) इ. देशी कंपन्यांना वाव मिळाला. पुण्याजवळील आकुर्डी येथे बजाज ऑटोचा कारखाना उभा राहिला. या कंपनीचे इटलीच्या प्याज्जो कंपनीशी असलेले सहकार्य १९७१ मध्ये संपले व १९७२ मध्ये ‘चेतक’ ही स्कूटर बाजारात आली. मोटारी (१९५९) व स्कूटर (१९६०) यांच्या वितरणावर नियंत्रण आदेश लागू झाले. पुरवठा मागणीहून पुष्कळ कमी असल्याने ग्राहकास नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. त्यामुळे त्या काळातील नोंदणीची पावती टंचाईच्या अर्थव्यवस्थेचा बोलका पुरावा ठरते.

पुण्यात अशा वस्तू शोधण्याचे प्रसिद्ध ठिकाण म्हणजे मंगळवार पेठ परिसरातील जुना बाजार. बुधवारी व रविवारी भरणारा बाजार म्हणून तो ओळखला जातो. जमिनीवर मांडलेल्या हत्यारे, कुलुपे, दिवे, भोंगे, नाणी यांच्या ढिगात एखादी पाटी वा चकती सापडते. सुट्या भागांसाठी नाना पेठ प्रसिद्ध आहे. अमेरिकेतील हर्शी व इंग्लंडमधील ब्यूली (१९६७ पासून) येथील मेळावे खास वाहनप्रेमींसाठी भरतात. जुना बाजार मात्र सर्वसाधारण जुन्या मालाचा असल्याने तेथे संग्राहकाची नजर हीच मुख्य मार्गदर्शक ठरते.

कालनिश्चितीसाठी काही खुणा उपयोगी पडतात. आणे-पै यांतील किंमत साधारणतः १९५७ च्या दशमान नाणेपद्धतीपूर्वीची असते. पत्त्यातील ‘मुंबई राज्य’ हा उल्लेख १ मे १९६० पूर्वीचा, तर पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा काळ सुचवितो. एनॅमलच्या पाटीत काचेची पूड लोखंडी पत्र्यावर उच्च तापमानात वितळवून बसविलेली असते; म्हणून तिचा रंग सहसा उडत नाही, परंतु आघाताने टवके निघतात व तेथे गंज चढतो. रंगवून व मुद्दाम गंजवून जुन्या भासविलेल्या नकला यावरून ओळखता येतात.

पुरावशेष व बहुमूल्य कलावस्तू अधिनियम, १९७२ अन्वये वस्तू पुरावशेष ठरण्यास सामान्यतः किमान शंभर वर्षांचे वय आवश्यक असते. हस्तलिखितादी कागदपत्रांस पंचाहत्तर वर्षांची मर्यादा आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील विक्रीसाहित्य त्यामुळे कायद्याच्या संरक्षणाबाहेर राहते. पेढी बंद झाली, की पाट्या भंगारात व नोंदवह्या रद्दीत जातात. पत्रा शोभेसाठी तरी टिकतो. कागदाचा लगदा होतो. ऐतिहासिक माहिती मात्र कागदातच अधिक असते. शिवाय हातोहात विकल्या जाणाऱ्या वस्तूचे मूळ ठिकाण विसरले गेल्यास तिचे पुराव्याचे मूल्य घटते.

दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांनी दिवे, अडकित्ते, भांडी अशा घरगुती वस्तू जमवून पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालय उभे केले. नित्योपयोगी वस्तूंतूनही समाजाचा इतिहास उभा करता येतो, हे त्या संग्रहाने दाखवून दिले. वाहनविक्रीच्या साहित्यासही हीच दृष्टी लागू पडते. वस्तूबरोबर ती कोठे, केव्हा व कोणत्या दुकानातून मिळाली याची नोंद ठेवणे, हे म्हणूनच संग्राहकाचे पहिले कर्तव्य होय.