क्रेडिट कार्ड कर्जाची तडजोड

क्रेडिट कार्ड कर्जाची तडजोड म्हणजे थकलेल्या कार्डाच्या येण्यापैकी काही भाग सोडून देऊन उरलेली रक्कम एकरकमी किंवा मोजक्या हप्त्यांत स्वीकारण्याचा बँक व कार्डधारक यांच्यातील करार होय. व्यवहारात त्यास 'सेटलमेंट' म्हणतात. महाराष्ट्रातील सहकारी बँकांमध्ये अशाच स्वरूपाच्या योजनांना 'एकरकमी परतफेड' किंवा 'सामोपचार कर्ज परतफेड' अशी नावे आहेत. तडजोड हा कर्जदाराचा हक्क नाही. तिच्यामुळे देणे संपते, परंतु पतमाहिती अहवालात ते पूर्ण फेडलेले कर्ज म्हणून नोंदले जात नाही.

पार्श्वभूमी

सावकार व ऋणको यांच्यात तडजोड घडवून आणण्याची कायदेशीर व्यवस्था महाराष्ट्रात एकोणिसाव्या शतकापासून आढळते. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथून सुरू झालेल्या दख्खनच्या दंग्यांनंतर १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा करण्यात आला. पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या जिल्ह्यांसाठी केलेल्या या कायद्यात दावा दाखल होण्यापूर्वी समेट घडवून आणणाऱ्या मध्यस्थांची तरतूद होती. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी तालुका या कायद्याच्या कक्षेत आला. जवळचे येडशी (आता धाराशिव जिल्हा) मात्र तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात असल्याने त्याच्या बाहेर राहिले.

मुंबई इलाख्यात हिंदू ऋणकोंना 'दामदुपट' या नियमाचेही संरक्षण होते. या नियमानुसार एका वेळी मुद्दलापेक्षा अधिक व्याज वसूल करता येत नसे. आजच्या बँक कर्जाची स्थिती वेगळी आहे. बँकिंग नियमन अधिनियम, १९४९ च्या कलम २१-क नुसार केवळ व्याजदर अवाजवी आहे या कारणावरून न्यायालयाला बँकेचा व्यवहार पुन्हा उघडता येत नाही. क्रेडिट कार्डावर वार्षिक ३० टक्क्यांहून अधिक व्याज आकारणे अनुचित ठरवणारा राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा २००८ चा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी रद्द केला. परिणामी व्याजाचा भार कमी करण्यासाठी बँकेशी बोलणी करणे हाच कार्डधारकापुढील मुख्य मार्ग उरतो.

थकबाकी वाढण्याची रीत

प्रत्येक मासिक विवरणपत्रात एकूण देय रक्कम व किमान देय रक्कम असे दोन आकडे असतात. किमान रक्कम भरल्याने विलंब शुल्क टळते, व्याज टळत नाही. उदाहरणादाखल, १,००,००० रुपयांच्या येण्यावर दरमहा ३.५ टक्के दराने ३,५०० रुपये व्याज होते. त्यावर १८ टक्के दराने ६३० रुपये वस्तू व सेवा कर लागतो. कार्डधारकाने ५,००० रुपये भरले, तर मुद्दल केवळ ८७० रुपयांनी घटते. शिवाय मागील बाकी असताना नव्या खरेदीवर सामान्यतः बिनव्याजी मुदत मिळत नाही.

थकबाकीची नोंद व पूर्वसूचना

रिझर्व्ह बँकेच्या २१ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार देय दिनांकानंतर तीन दिवसांहून अधिक काळ रक्कम थकली तरच विलंब शुल्क आकारता येते व पतमाहिती कंपनीला खाते थकीत असल्याचे कळवता येते. कार्डधारकाला थकबाकीदार म्हणून कळवण्यापूर्वी त्याला तशी सूचना देणे बँकेवर बंधनकारक आहे. किमान देय रक्कम देय दिनांकापासून ९० दिवसांत पूर्णपणे भरली न गेल्यास खाते अनुत्पादक ठरते.

यामुळे बोलणीचे दोन टप्पे पडतात. खाते अनुत्पादक होण्यापूर्वी बँकेकडे बाकीचे मासिक हप्त्यांत रूपांतर, कमी व्याजाचे वैयक्तिक कर्ज किंवा परतफेडीची पुनर्रचना मागता येते. या मार्गात मुद्दल पूर्ण फेडावे लागते, पण पतमाहितीची हानी तुलनेने कमी होते. रकमेत सूट देणारी तडजोड बहुधा खाते दीर्घकाळ थकल्यानंतरच पुढे येते. सूट मिळावी म्हणून हेतुपुरस्सर हप्ते थांबवणाऱ्यास दरम्यानचे व्याज, शुल्क, वसुलीचा तगादा व दाव्याची शक्यता यांना सामोरे जावे लागते.

तडजोडीची प्रक्रिया

रिझर्व्ह बँकेने ८ जून २०२३ रोजी तडजोडीसंबंधी सर्वसमावेशक चौकट जाहीर केली. ती सहकारी बँकांनाही लागू करण्यात आली. तीनुसार बँकेच्या संचालक मंडळाने मान्य केलेले धोरण असणे आवश्यक आहे. ठरलेली रक्कम भरण्याची मुदत तीन महिन्यांहून अधिक असल्यास तो व्यवहार पुनर्रचना मानला जातो. बँका अल्प मुदतीचा आग्रह धरतात, त्यामागे हेही एक कारण आहे. वसुलीचा दावा न्यायालयात प्रलंबित असल्यास तडजोडीनुसार संमती हुकूमनामा घ्यावा लागतो.

सर्वोच्च न्यायालयाने १५ डिसेंबर २०२१ रोजी बिजनोर अर्बन को-ऑपरेटिव्ह बँकेच्या प्रकरणात एकरकमी परतफेडीचा लाभ कर्जदाराला हक्क म्हणून मागता येत नाही, असा निर्णय दिला. म्हणून बँकेचे लेखी संमतिपत्र निर्णायक ठरते. त्यात कार्ड खात्याचा उल्लेख, ठरलेली रक्कम, भरणा करण्याची तारीख, उरलेले येणे सोडून दिल्याचा स्पष्ट निर्देश आणि हप्ता चुकल्यास होणारा परिणाम नमूद असणे आवश्यक समजले जाते. वसुली प्रतिनिधीच्या तोंडी आश्वासनावर किंवा त्याच्या वैयक्तिक खात्यात केलेल्या भरण्यावर विसंबणे धोक्याचे असते. रक्कम भरल्यानंतर 'थकबाकी नाही' असा दाखला घेतला जातो.

पतमाहिती अहवालावरील परिणाम

पूर्ण फेडलेले खाते अहवालात 'क्लोज्ड', तर सूट घेऊन मिटवलेले खाते 'सेटल्ड' असे दर्शवले जाते. दुसऱ्या नोंदीमुळे पुढील गृहकर्ज किंवा वाहन कर्जाची मंजुरी अवघड होऊ शकते. शेतीकर्ज वगळता, तडजोड केलेल्या कर्जदाराला तीच बँक किमान १२ महिने नवे कर्ज देऊ शकत नाही. थकबाकीदार म्हणून नोंद झाल्यानंतर देणे मिटवल्यास बँकेने ३० दिवसांत पतमाहिती कंपनीकडे नोंद अद्ययावत करावयाची असते. प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. चुकीच्या नोंदीबाबतची तक्रार ३० दिवसांत न सुटल्यास २६ एप्रिल २०२४ पासून प्रतिदिन १०० रुपये भरपाईची तरतूद आहे.

मुदतीचा कायदा

मुदत अधिनियम, १९६३ नुसार अशा येण्याच्या वसुलीचा दावा सामान्यतः तीन वर्षांत दाखल करावा लागतो. मात्र ही मुदत संपण्यापूर्वी कर्जदाराने देणे लेखी मान्य केल्यास किंवा स्वाक्षरीनिशी अंशतः भरणा केल्यास मुदत नव्याने मोजली जाते. त्यामुळे तडजोडीसाठी दिलेल्या अर्जातील शब्दयोजनेलाही कायदेशीर महत्त्व असते.

वसुली, तक्रार व लोकअदालत

रिझर्व्ह बँकेच्या १२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकानुसार वसुलीसाठी सकाळी ८ पूर्वी व सायंकाळी ७ नंतर दूरध्वनी करता येत नाही. धमकी देणे तसेच कुटुंबीय किंवा मित्रांच्या खासगीपणात ढवळाढवळ करणे यांसही मनाई आहे. बँकेने तक्रारीला ३० दिवसांत उत्तर न दिल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे दाद मागता येते.

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार तक्रारदार आपल्या निवासाच्या जिल्ह्यातील आयोगाकडे तक्रार करू शकतो. येडशीच्या रहिवाशाला मुंबईतील बँकेविरुद्धची तक्रार धाराशिव जिल्हा आयोगाकडे दाखल करता येते. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ अन्वये भरणाऱ्या लोकअदालतींत दावा दाखल होण्यापूर्वीची बँक प्रकरणेही घेतली जातात. तेथील निवाड्याला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे बळ असते व त्यावर अपील होत नाही. महिला तसेच अनुसूचित जाती व जमातींच्या व्यक्तींना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो. निवाडा अंतिम असल्याने, ठरलेली रक्कम मुदतीत भरणे शक्य आहे किंवा नाही हे स्वाक्षरीपूर्वी तपासणे कर्जदाराच्या हिताचे ठरते.