उघडे दार : शारदा सदन ते केडगाव

पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू केले, तेव्हा त्यांचा ख्रिस्ती धर्म कुणापासून लपलेला नव्हता. सहा वर्षांपूर्वी इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी मुलगी मनोरमा हिच्यासह बाप्तिस्मा घेतला होता आणि पुण्या-मुंबईत त्यावर मोठा गदारोळ झाला होता. तरीही सदनाची दारे मुख्यतः उच्चवर्णीय हिंदू विधवांसाठी होती. संस्थेला दहा वर्षे पैसा पुरवण्याचे वचन देणाऱ्या बॉस्टनच्या रमाबाई असोसिएशनने धार्मिक तटस्थतेचे धोरण स्वीकारले होते. मुलींनी आपले सोवळे-ओवळे, उपासतापास पाळावेत, कुणालाही ख्रिस्ती धर्म शिकवला जाऊ नये, असे ठरले. या भरवशावर महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्यासारखे सुधारक सल्लागार म्हणून पाठीशी उभे राहिले.

पुढच्या वर्षी सदन पुण्यात आले आणि तिथे पेच उभा राहिला. रमाबाई रोज आपल्या खोलीत मनोरमेबरोबर बायबल वाचत आणि प्रार्थना करीत. खोलीचे दार त्या लावून घेत नसत. काही मुली आपण होऊन आत येऊन बसू लागल्या. शिकवायचे नाही हे रमाबाईंना मान्य होते, पण स्वतःची श्रद्धा दाराआड लपवायची हे मान्य नव्हते. बाकीच्या मुलींना आपापल्या देवाची पूजा करण्याची मोकळीक आहे, तर आपल्यालाही आपल्या प्रार्थनेची असावी, अशी त्यांची भूमिका होती.

विरोधकांचा आक्षेपही पोकळ नव्हता. केशवपन झालेली, घरात अपशकुनी ठरलेली पोर जिच्या मायेने पहिल्यांदा माणसात येते, तिच्या देवाकडे ओढली जाणारच. मग तोंडाने उपदेश केला काय आणि न केला काय! ‘केसरी’ने हा विषय लावून धरला. १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकर यांनी सदनाशी असलेला संबंध तोडला, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. तटस्थतेचा करार शब्दांपुरता पाळता येतो, आचरणाला मात्र तो लागू करता येत नाही. या वादाच्या मुळाशी हे होते, आणि म्हणून तडजोडीने तो मिटण्यासारखा नव्हता.

रमाबाईंच्या उदाहरणाचा परिणाम केवळ धर्मांतरात मोजणे मात्र चुकीचे ठरेल. सदनात अगदी सुरुवातीला आलेल्या विधवा गोदूबाई जोशी तिथे सुमारे चार वर्षे शिकल्या, हिंदूच राहिल्या आणि १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह करून आनंदीबाई कर्वे झाल्या. कर्व्यांनी १८९६ मध्ये विधवांसाठी काढलेल्या अनाथ बालिकाश्रमासाठी आनंदीबाईंनी आयुष्यभर वर्गणी गोळा केली. ‘माझे पुराण’ या आत्मकथनात त्यांनी रमाबाईंविषयी जिव्हाळ्याने लिहिले आहे. रमाबाईंना समजून घेण्यासाठी हा पुरावा कोणत्याही मिशनरी अहवालापेक्षा मोलाचा आहे.

दुसरा टप्पा दुष्काळाने आणला. पुणे-दौंड लोहमार्गावर केडगाव येथे रमाबाईंनी शंभरेक एकर जमीन घेऊन फळझाडे लावली होती. अमेरिकेचा पैसा थांबल्यावर संस्थेला उत्पन्न असावे हा त्यामागचा हिशेब. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या. तरुणपणी त्यांनी स्वतः अन्नाशिवाय दिवस काढले होते. आई, वडील आणि बहीण यांचे मृत्यू पाहिले होते. उपासमारीत सापडलेल्या मुलींचे दलाल काय करतात हेही त्यांना दिसत होते. सुमारे तीनशे मुली त्यांनी सोडवून आणल्या. पुण्यात प्लेग होता, त्यामुळे या मुलींना केडगावच्या शेतावर नेले गेले. तिथे मुक्ती सदन उभे राहिले.

त्याच वर्षी पुण्यातील प्लेगच्या बंदोबस्तात स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीविरुद्ध रमाबाईंनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये पत्र लिहिले. राज्यकर्ते ख्रिस्ती होते, लिहिणारीही ख्रिस्ती होती. सरकारला पत्र झोंबले, पण धर्मबंधू म्हणून रमाबाईंनी कुणाला सूट दिली नाही. रमाबाईंवर परक्यांच्या हस्तक असल्याचा आरोप करणाऱ्यांनी या पत्राची दखल फारशी घेतलेली दिसत नाही.

मुक्ती सदन उघडपणे ख्रिस्ती होते. इथे तटस्थतेचे बंधन नव्हते. १९०० च्या गुजरातमधील दुष्काळानंतर तिथल्या स्त्रिया आणि मुलांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. सगळ्या जातींच्या मुली एका पंक्तीला जेवत. शारदा सदनात सोवळ्याची वेगळी सोय ठेवावी लागली होती, त्या मानाने हा बदल फार मोठा होता. प्रत्येकीला हाताचे काम शिकावे लागे : शेती, गोठा, विणकाम, शिवण, तेलघाणा, छपाई. ज्यांना समाज पतित म्हणे त्यांच्यासाठी कृपा सदन होते, वृद्धांसाठी प्रीती सदन होते. मनोरमा अंधांना शिकवण्याची पद्धत शिकून आली आणि अंध मुलींसाठी बर्तीमी सदन सुरू झाले. रमाबाई स्वतः शाकाहारी राहिल्या, पांढरे लुगडे नेसत राहिल्या. ख्रिस्ती होणे म्हणजे साहेबी होणे नव्हे, हे त्यांच्या राहणीतच दिसत होते.

१९०५ मध्ये केडगावला प्रार्थनेची मोठी लाट आली आणि तिची वार्ता परदेशांतील चर्चपर्यंत गेली. रमाबाईंनी मात्र उरलेली वर्षे मुख्यतः बायबलच्या भाषांतराला दिली. हिब्रू आणि ग्रीक शिकून, खेड्यातल्या बाईलाही कळेल अशा मराठीत त्यांनी संपूर्ण ग्रंथ उतरवला. खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंतचे काम मुक्ती सदनातील स्त्रियांनी केले. १९१९ मध्ये सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिले. १९२१ मध्ये मनोरमा गेली, ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या, आणि भाषांतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. पंडिता रमाबाई मुक्ती मिशन या नावाने केडगावची संस्था आजही निराधार स्त्रिया आणि मुलांसाठी काम करते.