मुलगी झाली हो!

बाळंतिणीच्या खोलीबाहेर "काय झालं?" असं कुणी विचारतं आणि "मुलगी" हे सांगताना आवाज कसा खाली उतरतो, ते आपण सगळ्यांनी ऐकलं आहे. त्याच उत्तराचं १९८३ साली नाटक झालं. स्त्री मुक्ती संघटनेचं, ज्योती म्हापसेकरांनी लिहिलेलं 'मुलगी झाली हो'.

त्याच काळात मुंबईत गर्भजल परीक्षा पोटातली मुलगी ओळखायला वापरली जात होती. खरं तर ती गर्भातले दोष कळावेत म्हणून आलेली. नाटकांतून, गाण्यांतून, मोर्च्यांतून बायका बोलत राहिल्या. १९८८ साली महाराष्ट्राने देशात पहिल्यांदा या चाचण्यांवर कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ साली आला.

इथे आपली एक गफलत होते. गर्भपाताचा कायदा १९७१ चा. त्याने बाईला सुरक्षित, कायदेशीर गर्भपाताची वाट दिली, ती हवीच. पण "मुलगी आहे म्हणून नको" हा निर्णय बहुतेकदा तिचा नसतोच, घराचा असतो. म्हणून लिंगचाचणीला विरोध म्हणजे गर्भपाताला विरोध नव्हे.

कायद्याने सगळं साधलं का? नाही. सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे राज्यात २००१ साली ९१३ मुली होत्या, २०११ साली ८९४. कायदा दवाखान्याच्या दारापर्यंत जातो. घरातलं बोलणं आपणच बदलायचं. पुढच्या वेळी ती बातमी सांगताना आपला आवाज खाली जायला नको, एवढं तरी करूया.