सम्राज्ञीपदाचे शेवटचे सात तास

1922, बीजिंग. चीनचा माजी सम्राट असलेल्या सोळा वर्षांच्या पूयीसमोर उपवर मुलींचे फोटो ठेवले जातात. तो पेन्सिलीने वनश्यूच्या फोटोवर वर्तुळ काढतो. राजघराण्यातल्या वडीलधाऱ्या दुआनकांगबाईंना ही निवड पसंत नाही. तो पुन्हा पेन्सिल उचलतो. दुसरं वर्तुळ वानरोंगच्या फोटोवर पडतं. 1 डिसेंबरला ती सम्राज्ञी होते, वनश्यू उपपत्नी. साम्राज्य 10 वर्षांपूर्वीच बुडालेलं आहे.

उरली आहे ती 1912 च्या कराराची सवलत: पदवी कायम, वर्षाला 40 लाखांचा तनखा, निषिद्ध नगरीत मुक्काम. फक्त त्या मुक्कामाच्या कलमात ‘तात्पुरता’ असं लिहिलं आहे. पुढे उन्हाळी राजवाड्यात जायचं आहे. 12 वर्षांत कोणी सामान बांधलं नाही.

23 ऑक्टोबर 1924. लष्करी सरदार फंग युश्यांगच्या फौजा बीजिंग ताब्यात घेतात. पूयी बागेतल्या टेकाडावरून दुर्बीण लावतो. राजवाड्याच्या उत्तरेची चिंगशान टेकडी सैनिकांनी भरलेली आहे. दरबारी खातं त्यांना चहा आणि खाणं पाठवतं. पाहुणचार म्हणावा तर पाहुण्यांना कोणी बोलावलं नव्हतं. पुढे राजवाड्याचा पहाराही बदलतो.

4 नोव्हेंबर. मंत्रिमंडळ सुधारित करार मंजूर करतं. पदवी रद्द, तनखा 5 लाख, राजवाडा ताबडतोब सोडायचा.

5 नोव्हेंबर, सकाळी 9 च्या सुमारास. चुशिउ महालात पूयी आणि वानरोंग फळं खात गप्पा मारत बसले आहेत. दरबारी अधिकारी शाओयिंग धापा टाकत आत येतो. हातात कागद आहे. फंगचा अधिकारी लू चोंगलिन सैनिक घेऊन आला आहे, नव्या करारावर सही हवी आहे, तीन तासांत निघायचं आहे. पूयी ताडकन उठतो. नुकताच एक घास घेतलेलं सफरचंद जमिनीवर घरंगळत जातं.

त्यानंतर लगेच. वडिलांना फोन लावा, असं पूयी सांगतो. फोनची तार तोडलेली आहे.

दुपार. वाटाघाटी करून मुदत 3 वाजेपर्यंत वाढवून मिळते. वडिलांना आत सोडायलाही लू तयार होतो. ते येतात, पण त्यांच्याजवळ कसलाच तोडगा नाही. जायचं ठरल्याचं कळताच ते मोरपीस लावलेली दरबारी टोपी काढून आपटतात: आता हिचंही काम उरलं नाही. दोन वृद्ध राजविधवा हटायला तयार नाहीत.

मुदत सरत आली आहे. लूचा नवा निरोप: 20 मिनिटांत निघा, नाहीतर चिंगशानवरून तोफा सुटतील. वानरोंगचे वडील रोंगयुआन हे ऐकून बागेत पळतात, लपायला जागा शोधतात आणि बाहेर यायचं नाव घेत नाहीत. लेक महालातच आहे.

लूने सोबत पिस्तूलधारी सैनिक आणले होते 20. हे पूयीला पुढे कळलं.

दुपारी 4 च्या सुमारास. सही झालेली आहे. पाच मोटारी उभ्या आहेत. पहिलीत लू, दुसरीत पूयी. वानरोंग आणि वनश्यू मागच्या मोटारींत. मोटारी उत्तरेकडे, पूयीच्या वडिलांच्या वाड्याकडे निघतात.

वाड्यावर पोहोचल्यावर. लू हात मिळवतो आणि विचारतो, यापुढे सम्राट राहायचं आहे की सामान्य नागरिक? नागरिक, असं पूयी सांगतो.

वानरोंगला हा प्रश्न कोणी विचारत नाही. आठ दिवसांनी तिला 18 वर्षं पूर्ण होणार आहेत.