जिवाणू खते

हवेतील नत्र स्थिर करणारे किंवा मातीतील स्फुरद विरघळवणारे उपयुक्त सूक्ष्मजीव प्रयोगशाळेत वाढवून, लिग्नाइटसारख्या वाहकात किंवा द्रवरूपात तयार केलेले खत. ‘जिवाणू संवर्धक’ या नावानेही परिचित.

इतिहास : द्विदल पिकाने जमिनीचा कस सुधारतो, हे शेतकऱ्यांना पूर्वापार ठाऊक होते. त्यामागे मुळांवरील गाठींतले सूक्ष्मजीव आहेत, हे जर्मनीतील हेलरीगेल व विल्फार्ट यांनी १८८६–८८ मध्ये दाखवले. डच शास्त्रज्ञ बायेरिंक यांनी १८८८ मध्ये गाठींतील जिवाणू वेगळा केला.

रायझोबियम : या गटातील सर्वांत महत्त्वाचा जिवाणू. तो मुळांवर गाठी करून राहतो. पिकाकडून शर्करा घेतो आणि त्याला नत्र देतो. नत्र स्थिर करणारे विकर ऑक्सिजनने निकामी होते. गाठीतील लेगहिमोग्लोबिन हे लाल द्रव्य ऑक्सिजन बांधून ठेवते. म्हणूनच नखाने फोडलेली गाठ आतून गुलाबी-लाल दिसली, तर ती कार्यक्षम समजावी. पांढरी किंवा हिरवट गाठ निरुपयोगी. पीकगटानुसार जिवाणू बदलतो : हरभऱ्याचे संवर्धक सोयाबीनला चालत नाही. सोयाबीन प्रथमच घेतल्या जाणाऱ्या शेतात लाभ ठळक दिसतो. जमिनीत स्थानिक जिवाणू मुबलक असल्यास तो कमी-अधिक होतो.

इतर प्रकार : ॲझोटोबॅक्टर व ॲझोस्पिरिलम (तृणधान्ये), ॲसिटोबॅक्टर (ऊस), नील-हरित शेवाळ व ॲझोला (भात), स्फुरद विरघळवणारे जिवाणू (सर्व पिके). मायकोरायझा ही बुरशी असून तीही याच वर्गात धरतात.

वापर : साधारण २५० ग्रॅम संवर्धक १० ते १५ किलो बियाण्यास गुळाच्या थंड द्रावणातून हलक्या हाताने चोळतात. बियाणे सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरतात. बुरशीनाशकाची प्रक्रिया आधी, जिवाणूंची शेवटी करावी. रासायनिक खतात संवर्धक मिसळू नये.

नियमन : भारतात २००६ पासून खत नियंत्रण आदेशाखाली. वाहकयुक्त रायझोबियमच्या दर ग्रॅममध्ये किमान ५ कोटी, तर द्रवरूपाच्या दर मिलिलिटरमध्ये १० कोटी जिवंत पेशी आवश्यक.

मर्यादा : ऊन, कोरडी जमीन व लांबलेली साठवण यांमुळे जिवाणू मरतात. ही खते रासायनिक नत्राची गरज कमी करतात. प्रत्येक पिकात ती पूर्ण भागवत नाहीत. मृत जिवाणूंचे पाकीट शेतकऱ्याचा हंगाम वाया घालवते. म्हणून खरेदीपूर्वी पिकाचे नाव व अंतिम मुदत अवश्य तपासावी.