भूकंपपंडित ओमोरी

१९२३ सालच्या सप्टेंबरची पहिली तारीख. ऑस्ट्रेलियात सिडनी येथे पॅसिफिक महासागराभोवतीच्या देशांतील शास्त्रज्ञांची परिषद भरली होती. तीस आलेले जपानचे प्रतिनिधी, प्राध्यापक फुसाकिची ओमोरी, त्या दुपारी रिव्हरव्ह्यू येथील जेझुइट पाद्र्यांची वेधशाळा पाहावयास गेले होते. भूकंपलेखक यंत्रापुढे ते उभे असतानाच यंत्राची सुई थरथरू लागली आणि पाहता पाहता मोठमोठे हेलकावे घेऊ लागली. कोठेतरी फार मोठा भूकंप झाला होता. असल्या रेषा वाचण्यात ओमोरींचा हात धरणारा माणूस त्या काळी क्वचितच सापडला असता. तो भूकंप त्यांच्याच टोकियोचा होता. आणि टोकियोवर असे संकट येईल ही वार्ता निराधार आहे, असे सतरा वर्षांपूर्वी त्यांनीच लोकांना सांगितले होते.

ओमोरींचा जन्म १८६८ चा, फुकुई येथील एका सामुराई घराण्यातला. त्याच वर्षी जपानात शोगुनांची सत्ता जाऊन सम्राट मेइजींचा अंमल सुरू झाला. नव्या राजवटीने पाश्चात्य विद्या शिकविण्यास परदेशी पंडित आणले. त्यांतील जॉन मिल्न हा इंग्रज वास्तविक खाणींची विद्या शिकविण्यास आलेला. परंतु जपानात पाऊल ठेवल्यावर जमीनच वारंवार हलते आहे असे पाहून तो भूकंपांच्या नादी लागला. मिल्न आणि त्यांचे जपानी सहकारी सेकिया यांच्या हाताखाली ओमोरी तयार झाले. १८९६ साली सेकिया वारले व पुढच्याच वर्षी, युरोपातील शिक्षण संपवून आलेल्या ओमोरींकडे टोकियो विद्यापीठातील भूकंपशास्त्राचे अध्यासन आले.

त्यापूर्वीच त्यांच्या हातून एक मोठे काम होऊन गेले होते. २८ ऑक्टोबर १८९१ रोजी मध्य जपानातील मिनो व ओवारी या प्रांतांत भयंकर भूकंप झाला. सात हजारांहून अधिक माणसे दगावली. नेओ खोऱ्यात जमीन उभी चिरली जाऊन एका ठिकाणी तर तिचा एक भाग दुसऱ्यापेक्षा सुमारे सहा मीटर उंच उचलला गेला. आणि मोठा धक्का होऊन गेल्यावरही जमीन शांत होईना. जवळच्या गिफू येथील वेधशाळेत दोन वर्षांत तीन हजारांहून अधिक लहानमोठे धक्के नोंदले गेले. लोकांच्या दृष्टीने तो निव्वळ छळ होता. तेवीस-चोवीस वर्षांच्या ओमोरींनी मात्र ते धक्के मोजावयास घेतले. त्यांतून १८९४ साली त्यांनी जो नियम मांडला तो आजही त्यांच्या नावाने ओळखला जातो. दिवस जातात तसे धक्के त्या प्रमाणात विरळ होत जातात, असा तो नियम आहे. स्थूल मानाने सांगावयाचे तर पहिल्या दिवशी शंभर धक्के बसले असतील तर दहाव्या दिवशी दहा आणि शंभराव्या दिवशी एक. एवढे साधे गणित! पुढे त्यात थोडी दुरुस्ती झाली. पण गिफूची नोंद शंभर वर्षांनंतर तपासली असता ती याच रेषेने उतरत आलेली दिसली. आपल्याकडे १९६७ साली कोयनानगरला भूकंप झाला, त्यानंतरच्या धक्क्यांचा हिशेबही शास्त्रज्ञांनी याच नियमाने मांडला, आणि धरणाच्या जलाशयापाशी हे धक्के ओसरण्याची गती मंद असते हे त्यावरून ध्यानी आले.

त्यांचे दुसरे सूत्रही असेच हाताशी ठेवण्यासारखे आहे. वीज चमकल्यानंतर गडगडाट किती वेळाने ऐकू येतो यावरून ती किती दूर पडली हे आपण ताडतो. भूकंपातही आधी बारीक कंप येतो आणि मागाहून जोराचा हेलकावा. या दोहोंमध्ये जितके सेकंद जातील त्यांस सुमारे साडेसातने गुणावे, म्हणजे जवळच्या भूकंपाचे मूळ किती किलोमीटरांवर आहे ते कळते. बारीक कंप नेमका टिपणारे आडव्या लंबकाचे यंत्रही त्यांनीच सिद्ध केले. पुढे ते जर्मनीत बनून देशोदेशी गेले. आपल्या सिमल्यासही १९०५ साली ओमोरींच्या नावाचे यंत्र बसले. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये कांगड्याच्या भूकंपाने सुमारे वीस हजार बळी घेतले होते. त्या भूकंपाच्या पाहणीसाठी ओमोरी स्वतः हिंदुस्थानात आले व त्यांनी त्यावर अहवाल लिहिला.

जेथे भूकंप तेथे ओमोरी, असेच तेव्हा झाले होते. १९०६ साली सान फ्रान्सिस्कोची पाहणी करीत असता जपान्यांचा द्वेष करणाऱ्या काही गुंडांनी त्यांच्यावर दगडफेक केली. काम थांबले नाही. त्या शहरात पाण्याचे नळ फुटले आणि आग विझविण्यास पाणीच उरले नाही, ही गोष्ट जगजाहीर झाली होती. १९०८ साली इटलीतील मेसिना शहर जमीनदोस्त झाले. तेथील पडकी दगडी घरे पाहून ओमोरींनी असा निष्कर्ष काढला की मेलेल्या हजारांपैकी नऊशे अठ्ठ्याण्णव माणसांचा जीव वाईट बांधकामाने घेतला आहे. भूकंपात माणसे कशाने मरतात हे इतक्या रोखठोकपणे क्वचितच कोणी सांगितले असेल.

असा हा माणूस टोकियोच्या बाबतीत चुकला कसा?

विद्यापीठात त्यांच्या हाताखाली आकित्सुने इमामुरा नावाचे साहाय्यक प्राध्यापक होते. वयाने दोनच वर्षांनी लहान. नोकरी बिनपगारी, आणि चरितार्थासाठी लष्करी शाळेत गणित शिकवावयाचे. जुन्या बखरी चाळून त्यांनी पाहिले की १६४९, १७०३ व १८५५ या साली टोकियोत, म्हणजे तेव्हाच्या एदोत, मोठी मनुष्यहानी करणारे भूकंप झाले होते. सरासरी शंभर वर्षांचे अंतर. शेवटच्यास पन्नास वर्षे होत आली होती. १९०५ साली ‘ताइयो’ मासिकात त्यांनी लिहिले की येत्या पन्नास वर्षांत पुन्हा तसा भूकंप होण्याचा संभव आहे, आणि लाकडी घरांच्या या शहरात आग लागली तर लाखावर माणसे मरतील. तेव्हा आतापासूनच आगीचा बंदोबस्त करावा. लेखाचा सगळा रोख या शेवटच्या वाक्यावर होता. पण १९०६ च्या जानेवारीत एका वृत्तपत्राने बंदोबस्त गाळला आणि लाखाचा आकडा तेवढा उचलला. फेब्रुवारीत योगायोगाने थोडे धक्केही बसले. अफवांना ऊत आला, लोक घरे सोडून उघड्यावर धावू लागले. तेव्हा ओमोरींनी आपल्या अधिकारवाणीने इमामुरांचे म्हणणे खोडून काढले. भीती निवळली, इमामुरांच्या माथी मात्र भोंदूपणाचा शिक्का बसला आणि तो सतरा वर्षे पुसला गेला नाही.

ओमोरींची बाजू अगदीच पोकळ नव्हती. तीन भूकंपांवरून सरासरी काढणे हे गणित नव्हे, अंदाज आहे, आणि नुसत्या अंदाजाने राजधानी रस्त्यावर आणावी काय, हा प्रश्न त्यांनी केला तर तो अप्रस्तुत म्हणता येणार नाही. अफवा काय करू शकते तेही पुढे दिसले. १९२३ च्या भूकंपानंतर कोरियन लोक विहिरींत विष घालीत आहेत अशी हूल उठली व हजारो निरपराध कोरियनांची कत्तल झाली. पण इमामुरांच्या बोलण्यात दोन गोष्टी होत्या : एक तारखेचा अंदाज, दुसरी आगीचा इशारा. पहिलीला आधार थोडा होता. दुसरीला सान फ्रान्सिस्कोचा भक्कम आधार ओमोरींनी त्याच वर्षी डोळ्यांनी पाहिला. पहिली खोडताना दुसरीही लोकांच्या मनातून पुसली गेली. माझ्या मते त्यांची खरी चूक एवढीच, आणि ती लहान नाही.

१ सप्टेंबरला दुपारी बाराला दोन मिनिटे कमी असताना धक्का बसला. घरोघरी जेवणासाठी शेगड्या पेटल्या होत्या, वाराही जोराचा होता. इमामुरा त्या वेळी विद्यापीठातील आपल्या खोलीत होते. ते जागचे हलले नाहीत, सेकंद मोजीत बसले. मग नळ फुटलेल्या शहरात पाण्यावाचून ते व त्यांचे सहकारी आपली संस्था आगीतून वाचवू लागले. विद्यापीठाचे ग्रंथालय मात्र जळाले. त्यात ऋग्वेदाचे संपादक मॅक्समुल्लर यांचा जपानने विकत घेतलेला ग्रंथसंग्रह भस्मसात झाला. लष्करी कपड्यांच्या जुन्या कोठाराच्या मोकळ्या पटांगणावर आश्रयास जमलेली सुमारे अडतीस हजार माणसे आगीच्या वावटळीत सापडून मेली. एकूण मृत व बेपत्ता एक लाख पाच हजार. बहुतेक सर्व आगीने गेले.

ओमोरी लगोलग परत निघाले. पण बोटीवरच त्यांचा मेंदूचा विकार बळावला. ४ ऑक्टोबरला योकोहामाच्या बंदरात त्यांना उतरवून घेण्यास आले ते इमामुराच. आपण चुकलो, अशी कबुली ओमोरींनी त्यांच्यापाशी दिली असे इमामुरांनी पुढे सांगितले आहे. ८ नोव्हेंबरला ओमोरींचे निधन झाले. त्यांच्या जागी इमामुरा आले.

टोकियोची जमीन तेव्हाही अधूनमधून हलत होतीच. १५ जानेवारी १९२४ रोजी तर एक चांगलाच मोठा धक्का बसला. ओमोरींच्या नियमाप्रमाणे विरळ होत जाणाऱ्या या धक्क्यांची मोजदाद करण्याचे काम आता इमामुरांकडे होते.